दोन भाषांतले सोने

लग्नघरातली सकाळ कशी असते, हे आपल्या मासिकाच्या वाचकांना नव्याने सांगण्याचे कारण नाही. गेल्या मार्गशीर्षात माझ्या पुतण्याच्या मुलीचे लग्न होते. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात बऱ्याच वर्षांनी चार पिढ्यांची माणसे एकत्र आली होती. माझी लेक अमेरिकेतील अटलांटाहून आली होती आणि तिच्याबरोबर तिची चौदा वर्षांची मुलगी. जावयांना रजा मिळाली नव्हती.

मुलींना सजवण्यासाठी पार्लरची बाई घरीच बोलावली होती. नातीची पाळी आली तेव्हा मी उठून त्या बाईच्या कानाशी लागले आणि म्हटले, "हिला जरा उजळ कर हं." हे मी गुजरातीत म्हटले. नातीला मराठी समजते. गुजराती समजत नाही. बडोद्याच्या मराठी घरात जन्म काढल्याने दोन भाषांची सोय असते, आणि त्या सकाळी ती सोय मी अशी वापरली.

बाईने आपले काम केले. नात जावयांच्या रंगावर गेली आहे. चांगल्या भाजलेल्या कॉफीसारखा तिचा तुकतुकीत वर्ण. त्यावर गव्हाळ लोकांसाठी केलेले फाउंडेशन चढले, तेव्हा चेहरा गोरा झाला नाहीच. राखेचा हात फिरवावा तसा तो राखट दिसू लागला. गळा एका रंगाचा, चेहरा दुसऱ्या रंगाचा. मांडवातल्या बायकांनी मात्र "किती छान दिसतेय!" म्हणून तिचे कौतुक केले, आणि खरे सांगायचे तर मलाही त्या वेळी हायसे वाटले.

रात्री पाहुणे पांगल्यावर ती माझ्या खोलीत आली. हातात फोन होता. त्यावर दिवसभराची छायाचित्रे होती. तिने विचारले, "आजी, ह्यात मी कुठे आहे?"

मी बोट दाखवले. ती म्हणाली, "ही मी नाही. तू त्या बाईंना काय सांगितलं होतंस?"

मी काही तरी पुटपुटणार, इतक्यात दारातून लेक म्हणाली, "आई, मला गुजराती येतं." एवढेच म्हणाली आणि आत निघून गेली. तिचा जन्म ह्याच घरातला, शाळा ह्याच गावची; ती तिथेच साडीला पिना लावीत उभी होती, ह्याचे मला सकाळी भानच राहिले नव्हते.

नातीने तोंड धुतले आणि आपल्या पिशवीतून लोशनची एक बाटली काढून माझ्यासमोर ठेवली. "हे मी लावते," ती म्हणाली, "हे नाओमी ओसाकानं काढलेलं आहे." टेनिस खेळणारी एक जपानी मुलगी, एवढेच ते नाव मला ठाऊक होते. त्या रात्री नातीने मला जे सांगितले आणि नंतर मी जे वाचून काढले, ते येथे थोडक्यात देते.

नाओमीचा जन्म १९९७ साली जपानमधील ओसाका शहरात झाला. आई तामाकी जपानी. वडील लेओनार्द फ्रांस्वा कॅरिबियन बेटांतील हैती देशाचे, कृष्णवर्णीय. तामाकीचे माहेर होक्काइदो बेटावरच्या नेमुरो ह्या कोळ्यांच्या गावी. मुलीने कृष्णवर्णीय परदेशी माणूस निवडला हे कळताच तिचे वडील संतापले, आणि दहा वर्षांहून अधिक काळ मायलेकींचा त्या घराशी संबंध उरला नाही. मुलींना आडनाव लावले ते आईचे, जपानमध्ये व्यवहाराला सोपे जावे म्हणून. नाओमी तीन वर्षांची असताना कुटुंब अमेरिकेला गेले. २०१८ साली तिने सेरेना विल्यम्सला हरवून अमेरिकन खुली स्पर्धा जिंकली, तेव्हा नेमुरोतले तेच आजोबा वार्ताहरांसमोर आनंदाने बोलले. अशा मुलांना जपानमध्ये 'हाफू' म्हणतात. इंग्रजीतल्या 'अर्धा' अर्थाच्या शब्दावरून तो आला आहे. जगज्जेती झाली तरी मुलगी अर्धीच!

पुढच्याच वर्षी, २०१९ च्या जानेवारीत, निस्सिन ह्या नूडल्सच्या जपानी कंपनीने तिची एक चित्रजाहिरात काढली. चित्रातल्या नाओमीची कातडी फिकट गोरी होती आणि केस पिंगट. टीका होताच कंपनीने माफी मागून जाहिरात मागे घेतली. नाओमीने आकांडतांडव केले नाही. माझा रंग तर उघड दिसतो, त्यांनी हे जाणूनबुजून केले असे मला वाटत नाही, पण पुढच्या वेळी असे काही करताना माझ्याशी बोलावे, अशा आशयाचे ती बोलली. हे ऐकताना माझी मान खाली गेली. जाणूनबुजून न करण्याची सवलत मला नव्हती. आणि मी तिच्याशी बोलले नव्हतेच, तिला न कळणाऱ्या भाषेत दुसरीशी बोलले होते.

२०२१ साली नाओमीने एका कंपनीच्या सहकार्याने सावळ्या व काळ्या त्वचेसाठी ऊन अडवणारी प्रसाधने काढली. काळ्या कातडीला उन्हाचे भय नाही, असा समज सर्वत्र आहे. तो अर्धाच खरा. मेलॅनिनमुळे संरक्षण मिळते हे खरे. पण त्वचेचा कर्करोग काळ्या माणसांनाही होतो, आणि कुणी लक्ष न दिल्यामुळे तो पुष्कळदा उशिरा कळतो. शिवाय अशा लोशनांत जे झिंक ऑक्साइड असते, त्याने गोऱ्या चेहऱ्यावर काही दिसत नाही. काळ्या चेहऱ्यावर मात्र पांढुरका थर चढतो. लोखंडाच्या ऑक्साइडची तांबूस छटा मिसळली की तो थर दिसेनासा होतो. अवघड काही नाही. पण समोर कोणता चेहरा आहे हे आधी पाहावे लागते.

ह्या प्रसाधनांचे नाव तिने ठेवले 'किनलो'. जपानीत 'किन' म्हणजे सोने. हैतीच्या क्रिओल भाषेत 'लो' म्हणजेही सोनेच. एक आईचे सोने, एक वडिलांचे. नात म्हणाली, "आजी, अर्धं आणि अर्धं नाही. सोनं आणि सोनं."

ती झोपी गेली. मला झोप येईना. आठवत राहिली ती दुसरीच एक बाई. १९७३-७४ च्या सुमारास, मी महाविद्यालयात असताना, आम्हां मुलींना एक जुना इंग्रजी चित्रपट दाखवला होता, १९३९ सालचा 'वदरिंग हाइट्स'. त्यातल्या मर्ल ओबेरॉनवर आम्ही मुली लुब्ध झालो होतो. असा वर्ण असावा, असे आम्ही एकमेकींना म्हणत होतो. हा वर्ण आमच्यापासून एका रात्रीच्या आगगाडीच्या अंतरावर जन्मला होता, हे तेव्हा जगालाच माहीत नव्हते.

मर्ल १९११ साली मुंबईत जन्मली. कोवळ्या वयातल्या आईची ती मुलगी; तिला आई म्हणून वाढवले ते शार्लट सेल्बीने. ती खरे पाहता तिची आजी, मूळ सिलोनची, वर्णाने सावळी. मुंबई आणि कलकत्ता सोडून मर्ल इंग्लंडला गेली, चित्रपटांत चमकली, आणि आपला जन्म ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावरचा असे सांगू लागली. शार्लट तिच्याबरोबर लंडनला राहत होती. आल्यागेल्यांना ती घरची मोलकरीण म्हणून दाखवली जाई, असे चरित्रकार लिहितात. १९३७ साली ती वारली. पुढे १९४९ साली मर्लने एका जुन्या छायाचित्रावरून तिचे चित्र रंगवून घेतले, आणि चित्रकाराला कातडीचा रंग उजळ करायला सांगितले. ते चित्र तिने अखेरपर्यंत घरात लावले होते.

मॅक्स फॅक्टर ह्या प्रसिद्ध प्रसाधन कंपनीच्या जाहिरातींत मर्लचा चेहरा झळकत असे. तिच्या चेहऱ्यावर पडावा म्हणून छायाचित्रकार ल्यूसियन बॅलार्डने खास दिवा तयार केला; 'ओबी' ह्या तिच्याच नावाने तो आजही ओळखला जातो. १९७९ साली ती गेली आणि १९८३ साली चरित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा खरे जन्मस्थान लोकांना कळले.

तिला दोष देणे सोपे आहे. पण त्या काळी हॉलिवुडच्या आचारसंहितेला गोऱ्या-काळ्यांचा संबंध पडद्यावर दाखवणे मंजूर नव्हते, आणि अमेरिकेच्या कित्येक राज्यांत असा विवाह गुन्हा होता. माझी लेक राहते त्या जॉर्जिया राज्यात तो कायदा १९६७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने संपला. म्हणजे माझे व्याही-विहीण तरुण झाले ते त्या कायद्याखालीच. मर्ल खरे बोलती, तर तिची भाकरी गेली असती. माझे काय जाणार होते?

येथे मला माझीच गोष्ट सांगणे भाग आहे. लेकीने लग्न ठरवल्याचे कळवले, तेव्हा ह्यांनी दोन वर्षे तिच्याशी फोनवर बोलणे टाकले. नेमुरोचे ते आजोबा मला परके वाटले नाहीत, ते ह्यामुळे. नात झाल्यावर हे विरघळले; शेवटच्या आजारपणात तर तिचेच छायाचित्र उशाशी घेऊन होते. ह्यांचा राग निदान उघड होता. मी मात्र रागावले नाही. आल्यागेल्याला मी हसून सांगत असे, "जावई अमेरिकन आहेत." वाक्य खरे होते. ऐकणारा मनात एक गोरा, निळ्या डोळ्यांचा गृहस्थ उभा करी, आणि मी तो तसाच उभा राहू देई. लग्नाचे छायाचित्र कपाटात, साड्यांच्या घडीखाली होते. पार्लरच्या बाईच्या हातून त्या सकाळी जे झाले, ते मी जिभेने पंधरा-सोळा वर्षे करीत आले होते.

आणि हे कुणी करावे? आम्ही बडोद्याची मराठी माणसे. पुण्याला गेलो की "तुम्ही गुजरातचे ना?" आणि येथे शेजारीपाजारी म्हणणार "दक्षिणी". लहानपणी पुण्याला मामाच्या घरी माझ्या बोलण्यातला गुजराती हेल ऐकून भावंडे हसत, तेव्हा मी माडीवर जाऊन रडले आहे. आमचे दुपेडीपण जिभेवरचे. गप्प बसले की दिसत नाही. नातीचे चेहऱ्यावर आहे, ते तिला कुठे ठेवून येता येत नाही. दोन्हींची बरोबरी मी करणार नाही. पण ज्याला "तू नक्की कुठला?" ह्या प्रश्नाचा काटा बोचला आहे, त्याने तरी तो दुसऱ्याच्या पायाखाली ठेवू नये.

दुसऱ्या दिवशी स्वागतसमारंभ होता. तीच बाई पुन्हा आली. ह्या वेळी मी मोठ्याने, मराठीत म्हटले, "काल माझं चुकलं. हिला विचारून हिच्या रंगाचं लावा." ती गोंधळली. मग तिने पेटीतल्या दोन गडद छटा काढल्या, हाताच्या पाठीवर एकत्र केल्या, नातीच्या जबड्याशी लावून पाहिल्या. एकदा जमले नाही, पुन्हा केल्या. नातच आरशात बघून सांगत होती, "थोडं लाल कमी." शेवटी चेहरा आणि गळा एक झाले. बाई म्हणाली, "आमच्याकडे अशा रंगाच्या किती तरी मुली येतात, पण असं करून द्या म्हणून कुणी सांगतच नाही." आपल्याच घरांतल्या त्या सावळ्या मुली, त्यांच्या आज्याही माझ्यासारख्याच कानाशी लागत असणार.

लेक काही बोलली नाही. निघायच्या आदल्या दिवशी मी कपाटातून त्यांच्या लग्नाचे छायाचित्र काढले आणि बाहेरच्या खोलीत, ह्यांच्या छायाचित्राशेजारी, तिच्याकडूनच लावून घेतले. खिळा ठोकताना तिने एवढेच विचारले, "इथे? सगळ्यांना दिसेल." मी म्हटले, "दिसू दे."

परवा हळदीकुंकवाला आलेल्या एका ओळखीच्या बाई बराच वेळ त्या छायाचित्राकडे पाहत होत्या. शेवटी त्यांनी विचारले, "हे कोण?" मी म्हटले, "आमचे जावई. अटलांटाचे. कृष्णवर्णीय आहेत. शाळेत गणित शिकवतात." त्या "अगं बाई!" म्हणाल्या. मग वाणाची वाटी हातात घेत म्हणाल्या, "नात कुणावर गेली आहे?"

"वडिलांवर," मी म्हटले, "आणि हट्टीपणात माझ्यावर."