चिंधी पांढरी येईपर्यंत

कालपासून कोल्हापुरात झड लागली आहे. रेंजवरून आले आणि ओले केस तसेच ठेवून आधी रायफल पुसायला घेतली. उन्हाळ्यात मी .२२ ची नळी दोन-तीनशे गोळ्यांनंतर साफ करते. पावसाळ्यात मात्र एक दिवसही थांबत नाही. या हवेत लोखंडाला गंज चढायला एक रात्र पुरते.

बोल्ट काढला, आत गोळी नाही हे दोनदा पाहिलं. मग सळई मागच्या बाजूने घातली. तोंडाकडून कधीच नाही. तिथल्या कडेला ओरखडा गेला की गोळी भरकटते. पहिली चिंधी काळीकुट्ट आली. जळलेली दारू, शिसं, गोळीवरचं मेण, सगळं त्या बोटभर कापडावर. दुसरी करडी, चौथी जवळजवळ पांढरी. तिथेच थांबले. एनसीसीत वाटायचं, जितकं घासू तितकं चांगलं. ते खरं नव्हे. अती घासण्यानेही नळी झिजते.

शिवाय धुतल्यापुसल्या नळीतून पहिल्या काही गोळ्या जरा इकडेतिकडे जातात. पन्नास मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं. आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच अंतरावर ब्राँझ जिंकलं, ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. त्या पहिल्या गोळ्या भरकटू नयेत म्हणून स्पर्धेच्या आदल्या रात्री मी नळीला हात लावत नाही.

शेवटी तेलाचा पातळ हात फिरवला. जेवताना भाकरीलाही तोच वास येत होता.