अम्मीची काडी

निफाडचा मळा विकला तेव्हा अम्मीने एकच मागितले, थॉम्पसनची एक काडी. आम्ही बर्मिंगहॅमला राहतो. द्राक्षाच्या काड्या भारतातून ब्रिटनमध्ये आणायला बंदी. ती योग्यच म्हणायची. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेराने फ्रान्सचे मळे उजाड केले, ती कीडही अमेरिकेतल्या वेलींबरोबरच गेली होती. शिवाय थॉम्पसनला पुरेल एवढे ऊन इथे उघड्यावर कुठले?

शेवटी मशिदीत भेटणाऱ्या तुर्की चाचांनी जानेवारीच्या छाटणीतल्या पाच काड्या दिल्या. 'बोस्कूप ग्लोरी', काळी, थंड हवेतही पिकणारी. पेन्सिलीएवढ्या जाड, तीन-चार डोळ्यांच्या. खालचा काप सरळ, वरचा तिरका, म्हणजे उलटी लागत नाही. हे अम्मीला कोण सांगणार!

"बिया असतील ना?" तिने विचारले. आम्ही हो म्हणालो. गप्प राहिली, मग कुंडी मागितली.

मेमध्ये दोन फुटल्या.