संत मायकलच्या सणाआधीचा पेला

आम्ही म्युनिक नगरीत उतरलो तेव्हा ऑगस्टचा शेवटचा आठवडा चालू होता. ऊन चांगलेच तापत होते. इझार नदीच्या काठी मुलेबाळे पाण्यात पाय सोडून बसली होती आणि झाडांची पाने अजून हिरवी होती. शरद ऋतूची चाहूल कोठेच नव्हती. मात्र किराणा घेण्यासाठी एका दुकानात शिरलो, तो तेथे शरद येऊन बसलेला! ऑक्टोबर महोत्सवासाठी काढलेल्या बिअरच्या बाटल्या फळीवर ओळीने मांडलेल्या होत्या. महोत्सवाला तीन आठवडे अवकाश होता. आम्ही दोन बाटल्या घेतल्या: एक आमच्यासाठी आणि एक ज्या वृद्ध गृहस्थांच्या घरी उतरलो होतो त्यांच्यासाठी.

आजोबांनी भेट हाती घेतली, प्रेमाने आभार मानले आणि बाटली घेऊन ते तळघराचा जिना उतरू लागले. आम्ही म्हटले, “आजोबा, आताच उघडू या की!” ते थांबले आणि म्हणाले, “आज उघडली तरी चव हीच लागेल. पण मग त्या शनिवारी आमच्यापाशी काय उरेल?” आम्हांला थोडे हसू आले. बाटलीसाठी इतका सोहळा कशाला, असे मनात आले.

संध्याकाळी ते आम्हांला झाडांखालच्या एका बिअरच्या बागेत घेऊन गेले आणि तेथे आमच्या हसण्याला उत्तर मिळाले. या प्रांतात, म्हणजे बव्हेरियात, 1553 साली राजाज्ञा निघाली होती, की संत जॉर्जच्या सणापासून, म्हणजे 23 एप्रिलपासून, संत मायकल महादूताच्या सणापर्यंत, म्हणजे 29 सप्टेंबरपर्यंत, कोणी बिअर गाळू नये. उन्हाळ्याच्या उष्म्यात ती नासे, शिवाय भट्ट्यांमुळे आगीचेही भय असे. म्हणून मार्च महिन्यात जरा कडक बिअर गाळून ठेवीत. मार्चवरूनच तिला ‘मेर्त्सन’ हे नाव पडले. हिवाळ्यात कापून आणलेला बर्फ भरून थंड राखलेल्या तळघरांत ती उन्हाळाभर मुरत पडे. तळघरांवर सावली राहावी म्हणून वर चेस्टनटची झाडे लावली आणि खडी पसरली. 1812 साली राजाने तळघरवाल्यांना तेथेच बिअर विकण्याची मुभा दिली, परंतु पावाखेरीज खाद्य विकण्याची दिली नाही. लोक घरून शिदोरी आणू लागले आणि अशा रीतीने या बागा जन्मल्या. आजही शेजारच्या बाकावर एक कुटुंब घरचा मुळा, पाव आणि चीज सोडून बसले होते.

नवी बिअर शरदात गाळायची म्हणजे पिंपे रिकामी हवीत. म्हणून उरलेली जुनी बिअर उन्हाळ्याच्या अखेरीस संपवीत. तो पेला म्हणजे कष्टाचे एक वर्तुळ पुरे झाल्याची खूण होती. 1870 च्या दशकात कार्ल फॉन लिंडे यांनी थंडावा निर्माण करणारे यंत्र बनविले, ते याच शहरातल्या एका बिअरच्या कारखान्यात चालू झाले. तेव्हापासून ऋतूचे बंधन गळाले. आज बिअर बारा महिने गाळता येते, म्हणूनच शरदाची बाटली ऑगस्टच्या उन्हात फळीवर येऊन बसू शकते.

महोत्सवही घाईपासून सुटलेला नाही, हे सांगितले पाहिजे. 12 ऑक्टोबर 1810 रोजी युवराज लुडविग आणि राजकन्या तेरेसा यांचा विवाह झाला, त्या आनंदाप्रीत्यर्थ घोड्यांची शर्यत झाली आणि त्यातून हा उत्सव निघाला. पुढे हवा उबदार मिळावी म्हणून तो सप्टेंबरमध्ये ओढला गेला. मात्र एक नियम कडक पाळला जातो: पहिल्या शनिवारी दुपारी बाराला नगराध्यक्ष पिंपाला तोटी ठोकतात आणि ‘ओ त्साप्फ्ट इस्’, म्हणजे ‘तोटी बसली’, असे ओरडतात. त्याआधी तेथे पेला भरला जात नाही. ही रीत 1950 सालापासून चालत आली आहे.

हे सारे ऐकून आम्ही खोलीवर परतलो. आमची बाटली टेबलावर होती. खरे सांगायचे तर आम्ही ती त्याच रात्री उघडली. बिअर उत्तम होती. तांबूस, जराशी गोडसर. पण अर्धा पेला होताच आमचे मन गोव्याकडे गेले. तेथे ऑगस्टमध्ये कणसांचे फेस्त होते. पहिली कणसे कापून देवळात आणतात, धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतात आणि मग ती घरच्या अल्ताराशी ठेवतात. लहानपणी आम्ही फेस्ताआधीच शेतातले एक कणीस ओरबाडून दाणे चावले होते. आजीने पाहिले, पण मारले नाही. ती एवढेच म्हणाली, “बाबा, देवाला दाखवायच्या आधीच खाल्लेस?” दाणे कोवळे व दुधाळ होते, पण घशाखाली उतरताना ते जड झाले होते. म्युनिकमधला तो अर्धा पेलाही तसाच जड झाला.

सप्टेंबरच्या आरंभी आम्ही निघालो. बाटली तळघरातच होती. ऑक्टोबरात आजोबांचे पत्र आले. त्या शनिवारी बाराच्या ठोक्याला त्यांनी ती उघडली होती. टेबलावर दोन पेले मांडले होते, त्यांतला एक आमच्या नावाचा. “तुमचाही मीच प्यालो, क्षमा असावी,” असे त्यांनी लिहिले होते.

वाचकहो, मद्याची थोरवी सांगण्याचा आमचा हेतू नाही. बेताने घ्यावे किंवा घेऊच नये, हे आपण जाणताच. आम्हांला सांगायचे ते इतकेच, की त्यांनी वाट पाहिली म्हणून त्यांच्या टेबलावर आमच्यासाठी जागा राहिली. आमच्या टेबलावर मात्र त्या रात्री आम्ही एकटेच होतो.