मंगळावरचे प्राणी

एच्. जी. वेल्स यांच्या १८९८ सालच्या ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ कादंबरींतील मंगळवासी मला आरंभीं केवळ किळसवाणे वाटले. चार फूट व्यासाचें मस्तक, तेंच शरीर. मुखाभोंवतीं चाबकासारख्या सोळा शुंडा. आंतडीं नाहींत, निद्रा नाहीं. अन्न म्हणजे दुसऱ्याचें रक्त, तेंही शिरांत टोंचून घेतलेलें! पण पहिल्याच प्रकरणांत वेल्स टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचा युरोपीयांनीं केलेला संहार सांगून विचारतात कीं, मग मंगळवासीयांस कोणत्या तोंडानें नांवें ठेवावीं? (त्या लोकांचे वंशज मात्र आजही नांदत आहेत.) त्या प्रश्नानें शुंडांची किळस कोठल्या कोठें पळाली. शेवटीं पृथ्वीवरील सूक्ष्म जंतूच या आक्रमकांचा नाश करितात, कारण मंगळावर जंतू नव्हतेच. येथें मी अडखळतों. टास्मानियांत रोगराई आली ती आक्रमकांबरोबर, आणि तिला बळी पडले ते मूळचे रहिवासी.