शरदांतला काळा पेला

पेयांनाही पंचांग असतें, ही गोष्ट आपण विसरत चाललों आहों. बारा महिने मिळणाऱ्या बाटलीला ऋतु कोठला? म्हणून आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें यंदा आश्विनांत, वसईस आमच्या घरीं, केवळ याच ऋतूसाठीं केलेली एक काळी बिअर आमच्यापुढें ठेविली, तेव्हां तहानेपेक्षां कुतूहलच अधिक जागें झालें.

रंग काकवीचा, वर बदामी फेस. पहिल्या घोटास भाजलेल्या कॉफीची आठवण, मागून जळक्या साखरेचा गोडवा आणि शेवटीं जिभेवर रेंगाळणारा कडवटपणा. जवाला मोड आणून, वाळवून, तो करपण्याच्या बेतास येईपर्यंत भाजला म्हणजे हा रंग येतो. त्यासाठीं भाजणीचें फिरतें पिंप डॅनियल व्हीलर या इंग्रजानें १८१७ सालीं पेटंट केलें. ऋतूचा संबंधही निव्वळ हौसेचा नव्हे. उन्हाळ्यांत बिअर नासे, म्हणून बव्हेरियांत १५५३ च्या फर्मानान्वयें २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर ती करण्यास मनाई होती. मार्चांत केलेली बिअर थंड तळघरांत ठेवावी आणि शरदापर्यंत पुरवावी, अशी रीत त्यांतून पडली.

आमचा शरद निराळा. कीट्सची १८१९ ची शरदावरील कविता आम्ही वर्षानुवर्षें शिकवीत आलों. ऑक्टोबरच्या उन्हांत घाम पुशीत मुलें धुक्याचीं टिपणें घेतात! परंतु ऋतूला बांधलेलें पेय आमच्या दाराशींही आहेच. पाऊस सरून थंडीची चाहूल लागली कीं शिंदी छेदावी. रात्रभर मडक्यांत ठिबकलेला रस पहाटे नीरा असतो. ऊन चढलें कीं तोच आपोआप आंबून ताडी होतो. ना भट्टी, ना तळघर. याच ताडीनें वसईच्या ख्रिस्ती घरांतून लग्नाच्या फुग्यांचें पीठ फुगविलें जाई.

दोन्ही पेयांत चालणारी क्रिया एकच: साखरेचें मद्य होणें. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानें तर दोघांस एकाच पंक्तीस बसविलें. पंगत वेगळी मांडली ती सुशिक्षित समाजानें. बिअरचा 'आस्वाद' घ्यावयाचा, ताडीचें 'व्यसन' लागावयाचें. एक करणारा कलावंत, दुसरी काढणारा केवळ ताडीवाला! वस्तुतः कमरेस कोयता लावून उंच ताडावर रोज चढणें, पोयीचा काप नेमका किती पातळ घ्यावा हें हातानें जाणणें, ही कला भाजणीच्या कलेहून उणी नव्हे. आणि तींत चूक झाली तर पेय नासत नाहीं, माणूस जातो.

मद्याची भलामण करण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्यास तें वर्ज्य, त्यानें तें खुशाल वर्ज्यच मानावें. आमचें म्हणणें एवढेंच, कीं आदर द्यावयाचा तर तो कौशल्यास द्यावा, बाटलीवरच्या चिठ्ठीस नव्हे. वसई-विरारांत इमारती वाढत आहेत, ताड तुटत आहेत. बव्हेरियाची रीत कागदावर उतरली म्हणून ती आम्ही येथें बसून वाचतों. ताडावर चढणाऱ्याची विद्या मात्र बापाच्या हातून मुलाच्या हातीं जाते. आणि मुलानें शहरांत नोकरी धरली, कीं ती तेथेंच संपते. ज्या घरांत काळ्या बिअरच्या चवीचें वर्णन करण्यास शब्दांची वाण पडत नाहीं, त्या घरांतील एखाद्या तरुणानें शेजारच्या वाडींत जाऊन, झाडावरून उतरलेल्या माणसापाशीं घटकाभर बसून, तो काय जाणतो तें लिहून घ्यावें. तेवढी सवड अजून आहे.