पारशिवनीचा बेडफर्ड

नागपूरहून जबलपूरच्या सडकेने निघाले म्हणजे कामठी मागे पडते, कन्हानचा पूल लागतो, आणि पुढे आमडी फाट्याला डावीकडे वळले की सडकेची सारी घाई एकदम ओसरते. दोन्ही अंगांना पेंचच्या पाण्यावर पोसलेल्या धानाच्या बांध्या आणि मधूनमधून कपाशी. मग गाव येते, ते पारशिवनी. नागपूरकर सकाळी ज्या पाण्याचा चहा पितो ते याच तालुक्यातल्या नवेगाव खैरीच्या धरणातून येते, पण पारशिवनी पाहिली आहे का असे विचारा, तो म्हणेल, “हो, जाताना लागते.” कुणी घोगरा महादेवाला जाताना, कुणी कुंवारा भिवसेनला जाताना, आणि अलीकडे कोलितमाऱ्याच्या नाक्यातून वाघ पाहायला जाताना. गावासाठी म्हणून थांबणारा विरळा.

मी यंदा पोळ्याला तेथे दोन दिवस थांबलो, ते एका ट्रकसाठी. मराठी शिकवणाऱ्या माणसाचे ट्रकशी काय नाते, असे आमच्या कॉलेजातही काहींनी विचारले. नाते मावशीच्या घरचे आहे. मावसाजींनी हा बेडफर्ड घेतला तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. बेडफर्ड हा मूळचा विलायतेतल्या ल्यूटनचा. जनरल मोटर्स ही अमेरिकन कंपनी १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जुळवीत असे. १९५४ साली तिने तो कारखाना बंद केला. पुढे बेडफर्डचे ट्रक हिंदुस्थान मोटर्सकडून रस्त्यावर येऊ लागले. मावसाजींचा ट्रक त्यांतलाच. त्याने कापूस वाहिला, धान वाहिले, आणि एकदा माझ्या मावसबहिणीच्या लग्नाचा मांडवही वाहिला.

मावसाजी गेले, ट्रक राहिला. मोठा मावसभाऊ – आम्ही सारे त्याला नुसतेच भाऊ म्हणतो – हंगामात अजून तो चालवतो. हौस म्हणून घरात ठेवावा म्हटले तर तीही सोय नाही. केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या गाड्यांसाठी ‘विंटेज’चे नियम केले, पण ते पन्नास वर्षांवरच्या खासगी दुचाकींना आणि चारचाकींना. धंद्याच्या ट्रकला त्या पंगतीत पान नाही. त्याला दर वर्षी तपासणीला उभे राहायचे, दिवे-ब्रेक दाखवायचे, योग्यतेचा दाखला घ्यायचा. नाही मिळाला तर वाट भंगाराची. आणि दिव्यांचेच तर दुखणे होते. उन्हाळ्यात एका रात्री कोलितमाऱ्याच्या बाजूने येताना दोन्ही हेडलाइट आधी पिवळे पडले, मग विझले. शेजारी भाऊचा धाकटा मुलगा. दोन्हीकडे साग, पुढे काळोख. भाऊने टॉर्च मुलाच्या हाती देऊन ती काचेबाहेर धरायला लावली आणि बैलाच्या चालीने ट्रक वस्तीपर्यंत आणला. घरी येऊन तो एवढेच म्हणाला, “दिवाळीपर्यंत दुरुस्त नाही झाला तर इकून टाकतो.” मावशी त्या रात्री जेवली नाही.

म्हणून मिस्त्री आले. वय सत्तरीच्या घरातले, डोळ्यांना जाड चष्मा, आणि बॅटरी-वायरिंगखेरीज कशालाच हात लावायचा नाही असा बाणा. मी म्हटले, “बॅटरी कमजोर झाली असेल.”

“बॅटरी पुरा पैसा देऊन राहिली जी सर,” ते म्हणाले, “मधात खाणारे लय आहेत.”

या एका वाक्यात ट्रकच्या विजेचे सारे शास्त्र आले. बॅटरीपासून दिव्यापर्यंत एकच अखंड तार नसते. वाटेत स्विच, फ्यूज, आणि जागोजाग जोड. जुन्या विलायती पद्धतीत तारेच्या टोकाला पितळेची लहान गोळी बसवलेली असते. मिस्त्री तिला बुलेट म्हणतात. दोन तारांच्या दोन बुलेट एका रबरी नळकांड्यात दोन बाजूंनी खुपसायच्या; नळकांड्याच्या पोटात पितळी नळी असते, ती दोघींना धरून ठेवते. करकरीत असताना हा जोड फार नामी. पण पन्नास पावसाळे गेले म्हणजे रबर चिरते, पाणी शिरते आणि पितळेवर जंगाल चढतो. मिस्त्रींनी एक नळकांडे चिरून दाखवले, तर आत हिरवेगार. मावशी ओट्यावरून पाहत होती.

“हे तर कळकलं आहे रे! ताक ठेवलं होतं का यात?”

मिस्त्री हसले, पण मावशीचे निदान अचूक होते. पितळेच्या भांड्याची कल्हई गेली आणि त्यात आंबट राहिले की जे होते, तेच ट्रकच्या पोटात घडले होते. नव्या बुलेट म्हणूनच कथलाचा हात दिलेल्या घेतात. फरक इतकाच की कल्हईवाला नवसागर वापरतो आणि येथे नवसागर वर्ज्य. तो धुतला नाही तर तारेलाच खात राहतो, आणि तारेच्या पिळातून तो धुणार कसा? म्हणून जिथे कथील लावायचे तिथे राळ.

गंजलेला जोड पैसा कसा खातो, त्याचा हिशेब घरच्या मुलांनीही करून पाहावा. ट्रकची बॅटरी १२ व्होल्टची. दोन हेडलाइट मिळून आठेक अँपियर ओढतात. वाटेतल्या जोडांनी मिळून पाव ओहमचा अडथळा केला – पाव म्हणजे काहीच नव्हे – की दोन व्होल्ट तिथेच गडप. दिव्याला पोहोचले दहा. सहावा हिस्सा गेला. पण तारेच्या दिव्याची खोड अशी की दाब सहाव्या हिश्शाने उतरला तर उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो. आणि हरवलेली वीज जाते कुठे? आठ गुणिले दोन, सोळा वॅट, म्हणजे रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या लहान सोल्डरिंग इस्त्रीची आच, त्या जोडाच्या पोटात. रबर भाजते, जोड आणखी ढिला होतो, आणखी तापतो. दुखणे स्वतःलाच पोसत जाते. त्या रात्री दिवेच विझले हे नशीब; शेजारी डिझेलची नळी होती.

कामाला सुरुवात झाली ती बॅटरीची अर्थ सोडून. आधी अर्थच का? पाना चुकून ट्रकच्या अंगाला लागला तरी ठिणगी नको म्हणून. मग मला काम मिळाले. मिस्त्रींचा नियम असा की एक जोड उघडायचा, बदलायचा, मगच दुसऱ्याला हात लावायचा. सगळे एकदम कापून मोकळे व्हायचे नाही. आणि प्रत्येक तारेला चिठ्ठी. “सरांचं अक्षर चांगलं असंन,” म्हणून चिठ्ठ्या मी लिहिल्या: ‘डावा इंडिकेटर’, ‘मागचा ब्रेक’, ‘डिपर’. वीस वर्षे उत्तरपत्रिका तपासून माझे अक्षर बिघडले असले तरी ट्रकने तक्रार केली नाही.

रंगांवरून तारा ओळखता येतील असे मला वाटत होते. विलायती रीतीप्रमाणे तपकिरी तार म्हणजे थेट बॅटरीची, जिवंत. काळी म्हणजे अर्थ. पण मागच्या दिव्यांकडची तपकिरी तार अर्थ निघाली! मधल्या काळात कुणीतरी दुसऱ्या घराण्याच्या गाडीची तार तिथे ओढली होती. जर्मन रीतीत तपकिरी म्हणजेच अर्थ, आणि काळी जिवंत. नागपुरात सांबार मागितला तर कोथिंबीर मिळते, मुंबईत इडलीबरोबरची आमटी. तसाच हा प्रकार, फक्त येथे शब्द चुकला तर फ्यूज जातो. मिस्त्री रंग पाहतच नव्हते. “तो चॉकलेटी कलर झूट बोलते,” म्हणत ते टेस्टलॅम्पची सुई टोचत आणि दिवा पेटतो का पाहत.

सर्वांत गमतीचे दुखणे मागे होते. डावा इंडिकेटर लावला की ब्रेकचा दिवाही मंद लुकलुके. भाऊच्या मुलाला वाटे ट्रकला भूत लागले. वास्तविक ट्रकची लोखंडी चासी हीच विजेची परतीची वाट, आणि दिव्याच्या अर्थचे थिंबल गंजून तिच्यापासून सुटले होते. परतीची वाट बंद झाली म्हणजे वीज शेजारच्या दिव्यातून चोरवाट काढते. मिस्त्रींनी रंग खरवडून लोखंड चकचकीत केले, दातेरी वायसर घालून थिंबल आवळले, वर व्हॅसलीन फासले. भूत गेले.

दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, गल्लीतून मुलांचे लाकडी बैल खडखडत चालले असताना मिस्त्री आणि भाऊचा मोठा मुलगा यांची जुंपली. मुलगा पॉलिटेक्निकचा. त्याचे म्हणणे, सगळीकडे नवे प्लास्टिकचे, रबरी सीलचे कपलर लावावेत. मिस्त्रींना जुन्या गाडीत प्लास्टिक नको. माझ्या मते मुलाचे निम्मे खरे होते. समोरच्या दिव्यांपाशी आणि चाकांच्या वर, जिथे पाणी उडते, तिथे बंद कपलरच हवा. तिथे मिस्त्री मनाविरुद्ध नमले. केबिनच्या आत मात्र बुलेटच राहिल्या. एका गोष्टीत तर दोघांचे एकमत निघाले. तारेच्या टोकाला नुसते कथील पाजून भागत नाही, कारण कथील संपते त्या सीमेवर तार ताठ होते आणि ट्रकच्या हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते. पकडीने दाबून बसवलेली बुलेट आणि तिच्या मागे तारेला पक्का आधार, हे हादऱ्याला पुरते.

दिवे लागणीला अर्थ परत जोडली. मुलाने हेडलाइटच्या टोकाशी मीटर लावला: पूर्वी ९.८ होते, आता ११.६. समोरच्या घराची भिंत लख्ख झाली, दारात बांधलेला शिंगे रंगवलेला बैल दचकून उठला, आणि भाऊने घाईघाईने डिपर मारला. मावशी ओट्यावरून उतरून ट्रकपाशी आली. “यांच्या वेळेलेही एवढा उजेड नव्हता,” असे म्हणून ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली. विकण्याचे कुणी बोलले नाही.

तपासणीची तारीख दिवाळीनंतरची मिळाली आहे. वायपर अजून मधेच अडतो. त्यासाठी मिस्त्री पुन्हा एकदा येणार आहेत. चिठ्ठ्या काढायच्या नाहीत असे त्यांनी बजावले, तेव्हा माझे अक्षर सध्या बेडफर्डच्या बॉनेटखाली आहे.