पावली

लहानपणी सासवडात वारी माझ्या वाट्याला आली ती पायांच्या रूपानं. पुण्याहून दिवे घाट चढून, म्हणजे सगळ्यात लांबचा टप्पा उरकून, ज्ञानेश्वर माउलींची पालखी यायची आणि सोपानदेवांच्या या गावात दोन रात्री मुक्काम करायची. आमच्या ओसरीवर बायाबापड्या उतरत. आजी त्यांचे भेगाळलेले पाय तेलानं चोळून द्यायची. एवढा त्रास होतो तर ही माणसं चालतात कशाला, असं मला वाटे.

कॉलेजात पखवाजाच्या नादापायी एका दिंडीत शिरलो, तेव्हा कळलं की ही नुसती चाल नव्हे, बसवलेली गोष्ट आहे. पुढे पताका, मग टाळकरी, मधे मृदंगी, मागे विणेकरी आणि तुळस डोक्यावर घेतलेल्या बाया. अभंगांचा क्रमही लावून दिलेला. सकाळी रूपाचे अभंग, पुढे भूपाळ्या, गौळणी; दुपारनंतर हरिपाठ. घड्याळ हवंय कुणाला! एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला शिस्त लावली. पालखीच्या रथापुढच्या 27 दिंड्या अजून आपापल्या नंबरानं चालतात.

मला वेड लावलं पावलीनं. पुढे टाकलेलं पाऊल टाळाच्या ठेक्यावर मागे घ्यायचं, पुन्हा पुढे. शेजारच्या म्हाताऱ्याचा पाय पडेल तिथंच आपला पडला पाहिजे. माझ्यासारख्या तुरुतुरु चालणाऱ्याला ते फार जड गेलं.

मुक्कामावर समाजआरतीआधी चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ थांबतात. मात्र एखाद्या दिंडीची तक्रार असली तर तिचे टाळ वाजतच राहतात. चोपदारानं तिथं जाऊन गाऱ्हाणं ऐकायचं, तोडगा काढायचा. तक्रार मांडायची इतकी सुरेल रीत मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

सगळंच गोड नव्हतं. एकाच दिंडीत चालणारे लोक जातीप्रमाणे वेगळ्या पंगतींत जेवत, हे इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात लिहून ठेवलंय. पाय जुळले म्हणून ताटं जुळतातच असं नाही, आणि वारीचं कौतुक करताना हे गिळून टाकू नये.

आता गुडघे कुरकुरतात, तरी एखादा टप्पा चालतो. हल्ली पुष्कळ जण फोटोपुरता दिवे घाट चढतात आणि माघारी फिरतात. तुम्ही आलात तर वाल्हे ते लोणंद चाला. तिथं घाटाची शोभा नाही, नीरास्नान सोडलं तर निव्वळ रस्ता आहे. टाळ नसले तरी चालेल. रांग तेवढी मोडू नका.